घागरीवरचं नाव

टेंभुर्णीला बस थांबली तशी बेबीनंदा घागर कडेवर घेऊन उतरली. राजूरपासून तिनं ती मांडीवरच धरली होती. कंडक्टर दोनदा म्हणाला, "बाई, ठेवा ना खाली." तिनं ठेवली नाही.

साळूबाई गावाबाहेर भावाच्या मळ्यात राहायची. ओट्यावर एकटीच मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. पन्नाशीला टेकलेली, काटक बाई.

"कोन पाव्हनी?"

बेबीनंदानं रस्ताभर चार वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना.

"मी बेबीनंदा. राजूरहून आले. तुमच्यामागून त्या घरात आलेली."

साळूबाईचा हात थांबला. बावीस वर्षांपूर्वी, बहात्तरच्या दुष्काळात, मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं तिला इथं आणून सोडलं होतं. दोन महिन्यांत त्यानं दुसरं लग्न केलं. तेव्हापासून राजूरचं कुणी या ओट्यावर चढलं नव्हतं.

ती उठली. मिरचीचे हात तिखट, म्हणून चोळचोळून धुतले, पदराला पुसले आणि मग तांब्या भरला.

"पानी पी आधी. उन्हाची आलीस."

बेबीनंदा पाणी प्यायली. मग तिनं घागर पुढं सरकवली.

"ही तुमची हाये, आक्का. तुमच्या लग्नातली. मला कुनी सांगितलं न्हाई, अन् मला कुठं वाचता येतंय? हिनंच पानी भरत राह्यले. पोरगी पहिलीत गेली तवा तिनं बोट ठेवून वाचलं. साळूबाई. म्हनली, आई, तुझं नाव तर बेबीनंदा, मंग ही कोन?"

"मंग? काय सांगितलंस?"

"पाठीत धपाटा घातला तिच्या."

साळूबाईनं रिकामा तांब्या बाजूला सरकवला.

"येत्या सोमवारी तिचं लग्न हाये. रुखवतात मांडायला म्हनून काल घागर घासायला घेतली, अन् हातच चालंना. सकाळी ह्यांना सांगितलं, टेंभुर्णीला चालले. जा म्हनले न्हाईत, जाऊ नको बी म्हनले न्हाईत."

"तुझा काय दोष, बाई? किती वर्षांची होतीस?"

"सोळाची."

"मंग! तुला इचारून का आनलं व्हतं?"

"तेवढ्यात माझा दोष न्हाई, मला बी ठावं हाये. पर मला दिवस गेले, तवा सासूनं मला डोक्यावर घेतलं. चारचौघीत म्हनायची, ती वांझ गेली अन् घराला बरकत आली. आक्का, मला बरं वाटायचं. लई बरं वाटायचं. ते मला कुनी करायला लावलं न्हाई. ते माझं हाये."

ओट्याखाली कोंबडी माती उकरत होती. साळूबाईनं घागर ओढून मांडीवर घेतली.

"दाव बरं. कुठं हाये माझं नाव?"

बेबीनंदा चमकली. हिलाही वाचता येत नाही, हे तिच्या मनातच आलं नव्हतं. ती सरकून जवळ बसली. साळूबाईचं बोट धरलं आणि खोदलेल्या टिंबांवरून हळूहळू फिरवलं. "हा सा. हा ळू. हे बाई." चुलीपाशी लेकीनं वाचलेला तेवढा एक शब्द तिला बघून बघून पाठ झाला होता. दुसरा एकही येत नव्हता.

"एवढंसंच हाये का?" साळूबाई म्हणाली आणि हसली. हसता हसता डोळे भरले. डोळ्यांना हात लावणार, तोच बेबीनंदानं मनगट धरलं आणि आपल्या पदरानं तिचे डोळे पुसले.

"मिरची हाये अजून बोटाला."

दुपारी दोघी भाकरी-ठेचा जेवल्या. साळूबाईनं पोरीचं विचारलं. कशी दिसते, किती शिकली, जावई काय करतो. बेबीनंदा सांगत राहिली. निघताना तिनं लग्नाची पत्रिका हातात दिली.

"येता का, आक्का?"

"न्हाई. त्या उंबऱ्यावर मी चढायची न्हाई." आवाजात राग नव्हता, पण शब्द पक्का होता. "लग्न झालं की पोरीला अन् जावयाला इकडं धाड. पुरन घालीन. अन् घागर घेऊन जा. रुखवतात मांड. पोरीनं इचारलं व्हतं ना, ही कोन म्हनून? मांडायच्या आधी तिला सांग."

"सांगते."

बेबीनंदा घागर उचलायला वाकली, पण साळूबाईनं आधीच ती कडेवर घेतली होती. दोघी बांधावरून रस्त्याला लागल्या. बस यायला वेळ होता. शेजारच्या मळ्यातली द्वारकाबाई शेळ्या घेऊन चालली होती. ती थांबली. अनोळखी बाईला तिनं पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"साळे, कोन गं ही?"

बेबीनंदानं मान खाली घातली.

साळूबाईनं घागर या कडेवरून त्या कडेवर घेतली.

"माझ्या घरची हाये," ती म्हणाली.