उतरती रेघ

"ही रेघ खाली का गेली गं?" सासूबाईंनी लॅपटॉपच्या पडद्यावर बोट ठेवून विचारलं.

मृण्मयी घरी बसून दोन देशांतल्या गुरांच्या मिथेन वायूची वर्षागणिक तुलना करत होती. "तिकडच्यांनी गुरं कमी केली, आई. आपली मात्र चढतेच आहे."

"आपणही केली की एक कमी."

हेच आकडे बघता बघता मृण्मयीच्या मनानं घेतलं होतं, की लेकीला खोकला होतो तो गोठ्यातल्या वायूनंच. शिकलेली सून म्हणते म्हणून सासूबाईंनी ऐकलं आणि गोठ्यातली एकुलती गाय, कपिला, बाजारात गेली. खोकला मात्र घरातच राहिला. परवा डॉक्टरांनी सांगितलं, डासांच्या अगरबत्तीचा धूर बंद करा. ती अगरबत्ती रोज लेकीच्या उशाशी मृण्मयीच लावत होती.

"कपिलेला परत आणू या का?" तिनं हळूच विचारलं.

"बाजारात विकलेली गाय आता कुणाच्या दारात शोधायची?" सासूबाई ताटं वाढायला उठल्या आणि सवयीनं त्यांनी गाईची चतकोर भाकरी बाजूला काढून ठेवली.

ती भाकरी उचलून लेक खोकत खोकत रिकाम्या गोठ्याकडे निघाली.