बघण्याचा नेम

"आई, पोरगी पाण्यात असली की बघणाऱ्यानं नुसतं बघायचं. जपसुद्धा करायचा न्हाय."

कुमारचे हे शब्द ऑस्ट्रेलियातल्या पर्थमधले, गेल्या वर्षीचे. कांताबाई तेव्हा सहा महिने लेकाकडे राहिल्या होत्या. घरामागे पोहायचा तलाव, भोवतीने लोखंडी कुंपण, आपोआप मिटणारं दार, त्याची कडी उंचावर. एकदा हातात धुण्याची बादली होती म्हणून त्यांनी ते दार वीट लावून उघडं ठेवलं. त्या एका दिवशी कुमार आईवर ओरडला. मग तिच्या पायाशी बसून त्याने हे सांगितलं होतं.

आज तोच कुमार निपाणीजवळच्या आपल्या शेतात विहिरीच्या मोटरच्या खोलीला टेकून उभा होता. शाळेतला मित्र नागोजी भेटायला आला होता. दोघांच्या गप्पा रंगल्या होत्या आणि कुमारची पाठ विहिरीकडे होती. विहिरीत गल्लीतली सात पोरं, आणि आठवी, सुट्टीला आलेली त्याची लेक क्षमा. विहिरीला ना कठडा, ना दार. कांताबाई जपाची माळ घरी ठेवून आल्या होत्या. पायऱ्यांच्या तोंडाशी बसून त्या डोकी मोजत होत्या.

"कुमार, हितं का रं बघत न्हाईस तू?"

"अगं, तिकडं तपासायला माणूस येतोय, दंड करतोय. ही आपलीच विहीर हाय. ह्याच पाण्यात मी शिकलोय."

"म्हंजे दंडाला भिऊन कुंपण घातलंयस व्हय?"

कुमारने नागोजीकडे पाहिलं. नागोजीच हसला. "काकू, पोरं न्हवं ती, बेडकं हायती. बेडकं कुठं बुडत्यात?"

ऊन उसाच्या शेंड्यावर गेलं होतं. दिवस मावळल्यावर अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही, ते थेट दुसऱ्या दिवशी सकाळी, दिवस उगवून दोन घटका झाल्यावर. कांताबाईंचा हा नेम तीस वर्षांत चुकला नव्हता. घर पाव तासाच्या वाटेवर. उठायची वेळ झाली, टळली, त्या उठल्या नाहीत.

तेवढ्यात बांधावरून मोपेड आली. कांताबाईंच्या नवऱ्याने, बाबगोंडांनी, डबा आणला होता.

"दोन भाकऱ्या हायत्या, झुणका हाय, तांब्या भरून पाणी आणलंय. खा बघू आधी."

"पोरं पाण्यात हायती."

"मी बघतो की. मला काय डोळं न्हाईत?"

कांताबाई जरा सरकल्या. डबा मांडीवर घेतला, झाकणाला हात घातला आणि सहज नवऱ्याकडे पाहिलं. बाबगोंडा मान वळवून मावळतीकडे बघत होते.

"अहो, तुम्ही सूर्याकडं बघायलायसा."

"मग? तुझ्या जेवायच्या आत गेला म्हंजे?"

"पाण्याकडं बघा."

बाबगोंडांनी पाण्याकडे पाहिलं. पाच मोजेपर्यंत. मग नजर पुन्हा उसाच्या शेंड्यावर. रागवावं की हसावं, कांताबाईंना कळेना. त्यांनी विहिरीत पाहिलं.

सात.

पुन्हा मोजली. सातच.

"क्षमाऽ!"

या बाईचा आवाज एवढा मोठा निघतो हे बाबगोंडांना चाळीस वर्षांच्या संसारात ठाऊक नव्हतं. मोटरच्या खोलीपाशी कुमार गर्रकन वळला. पलीकडच्या कपारीखाली पाणी हललं आणि डोळ्यांवर केस आलेलं डोकं वर आलं.

"आज्जी, मी तळाला हात लावायला गेले होते! तळच नाही इथे!"

कांताबाईंनी डबा न उघडता मागे सरकवला. मान वळवली नाही.  बाबगोंडा पायरीवर बायकोशेजारी टेकले आणि या खेपेला पाण्याकडे बघत राहिले. दिवस कधी गेला, दोघांनाही समजलं नाही.

पोरं एकेक करून वर आली. आठवी आल्यावरच कांताबाईंनी मान उचलली. आभाळात नुसती तांबूस रेघ उरली होती.

कुमारने डबा उचलला. हाताला जड लागला. तांब्याही भरलेलाच. याच घरात वाढलेला पोर तो, त्याला कुणी काही सांगायची गरज नव्हती. वैशाखाचा उन्हाळा, आणि आता सकाळपर्यंत आईच्या घशाखाली घोट जायचा नाही.

"आई, तुझं पाणी..."

"आठच्या आठ वर आली न्हवं? झालं तर. पाणी काय, सकाळी पिईन की रं."

कुमार बराच वेळ विहिरीत बघत राहिला. आत आता काळोखच दिसत होता.

"जायच्या आधी कुंपण घालून जातो," तो हळू म्हणाला. "दार लावतो. कडी उंच."

"विहिरीला दार?" बाबगोंडा म्हणाले. "गाव हसंल."

"हसू दे, आप्पा."

सकाळी दिवस वर आला तेव्हा कांताबाई घराच्या पुढच्या सोप्यात बसून होत्या. पाणी प्यायला अजून अर्धा तास अवकाश होता. कुमारने अर्धवट झोपेतल्या क्षमाला दाराशी आणलं आणि चौकटीला पाठ लावून उभं केलं.

"हात वर कर. अजून. टाचा उचल."

"बाबा, कशाला?"

 त्याने तिच्या बोटांच्या टोकापर्यंत एक काठी धरली, वर आणखी दोन विती मोजल्या, तिथे कोयत्याने खूण केली आणि काठी तोडली. मग लेकीच्या डोक्यावरून हात फिरवून तिला आत पाठवलं. आईकडे त्याने पाहिलं नाही. काठी खांद्यावर टाकून तो नागोजीच्या ग्रिलच्या वर्कशॉपच्या वाटेला लागला.