पाळण्यावरची हवा

वैशाखात महादेवाला उकडू नये म्हणून मी रोज पिंडीवर गळती लावते. थेंब थेंब पाणी पडत असतं आणि माझा जप चालतो. काल दुपारी समोरच्या चाळीतली श्रुतिका तान्हुलीला घेऊन दारात आली. बाळाच्या पाठभर घामोळं उठलं होतं. "काकू, तुमच्या एसीची गरम हवा थेट आमच्या पाळण्यावर येते." हे आतून म्हणाले, "आमच्या एकट्याच्या एसीने मुंबई तापली होय?" ती हसली. "मुंबईचं नाही ओ काका, पाळण्याचं सांगतेय." मी ओशाळले. म्हटलं, "दुपारभर हिला घेऊन इथेच येत जा गं." "येईन की. पण शेजारच्या खोलीतल्या आजींना कुठे नेऊ?" मी एसी बंद केला आणि खिडकी उघडली. झळ आत आली. "बाप रे, केवढी धग!" हे ओरडले. "आपलीच आहे," मी म्हटलं.