दुसऱ्या दहा बाटल्या

नळीतलं रक्त वीस मिनिटांत गोठलं, तर विष उतरतंय असं समजायचं. अठरा झाली होती. डॉक्टर तांडेलबाई नळीला हात न लावता नुसत्या बघत बसल्या होत्या. शेजारच्या खाटेवर, काजूच्या बागेत फुरसं चावलेली सुलभा हिरड्यांतून येणारं रक्त पदराला पुसत होती. सकाळीच तिला सर्पविषावरच्या औषधाच्या दहा बाटल्या, आतली पूड पाण्यात विरघळवून, देऊन झाल्या होत्या.

सरकारी योजना एका पेशंटमागे दहाच बाटल्यांचे पैसे देते. वरच्या बाटल्या ट्रस्टच्या या एवढ्याशा दवाखान्याच्या अंगावर पडतात, आणि फ्रीजची किल्ली खिशात घेऊन फिरणारे फार्मासिस्ट शिवलकर ते महिनाभर ऐकवतात. कालच म्हणाले होते, "मॅडम, असंच चाललं तर पावसाळ्याआधी टाळं लागेल."

वीस. बाईंनी नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं.

"जिल्ह्याला पाठवू या का?" बाकावर बसलेल्या शिवलकरांकडे न बघताच त्यांनी विचारलं. रस्ता तीन तासांचा होता, हे दोघांनाही माहीत होतं.

शिवलकर उठून गेले. बाईंनी दात आवळून ॲम्ब्युलन्सला फोन लावला. चौथ्यांदा लावल्यावर कुणीतरी उचलला, तेव्हा शिवलकर ट्रे घेऊन दारात उभे होते. ट्रेमध्ये दहा बाटल्या, सगळ्यांची सीलं काढलेली.

"फोन ठेवा," ते म्हणाले. "सगळ्यांत पाणी घातलंय. आता परत फ्रीजमध्ये ठेवता यायच्या नाहीत."