मुळं न उपटता
या बाळांनो, जवळ बसा, एका टेकाडाची कथा सांगतो. कोरेगावजवळचं जुन्या वस्तीचं टेकाड घाणेरीच्या झुडपांनी झाकलं होतं. उद्याच्या उत्खननासाठी शिवांजली नि बरोबरचे पुरातत्त्वाचे विद्यार्थी कोयत्यानं झुडपं कापत होते. तेवढ्यात तिचे चुलते मायेपोटी जेसीबीच घेऊन आले. “पोरी, कोयत्यानं साफ हुईस्तवर तुझं लगीन हुईल.” शिवांजली जेसीबीपुढं उभी राहिली. “हुंद्या, तात्या. पण मुळं उपटली तर खालचे थर विस्कटतील. हितं कोण कसं राहिलं, कवाच कळायचं न्हाई.” “म्हंजी उसागत जमिनीलगत तोडायचं?” “व्हय.” तात्यांनी जेसीबी परत धाडून कोयता मागितला. दिवस कलताना झुडपांच्या बुडाशी शिवांजलीला मातीची भाजलेली चूल दिसली. चुलीच्या काठावर ती लिंपणाऱ्या बाईची बोटं तशीच उमटली होती. बाळांनो, त्या माउलीचं नाव कुणाला ठाऊक नाही. पहिला घास घेताना तिला आठवा.