सावकाश, पायरी आहे

“दार आत उघडायचं की बाहेर?” चौकशी समितीच्या संशोधक बाईने पुन्हा विचारलं.

समोर मशीनवाली आजी बसली होती. उभा जन्म शिवणयंत्रावर गेला, म्हणून सगळे तिला तसंच म्हणत. तिने हवेत हात पुढे ढकलून पाहिला, मग मागे ओढून पाहिला.

“आत... आतच वाटतं, बाई.”

“वाटतं?” संशोधक बाईने शाळेचा जुना नकाशा पुढे सरकवला. “बाहेर उघडायचं. हे बघा.”

आजीला नकाशातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी तिने तो नीट बघितला आणि मान खाली घातली.

आजीच्या लहानपणी गावात दंगल उसळली. नदीपलीकडच्या वस्तीतली माणसं आसऱ्याला म्हणून शाळेच्या सभागृहात गेली आणि तिथेच जळून मेली. कोणी म्हणे, दिवा कलंडला. कोणी तर म्हणे, आत चिटपाखरू नव्हतं, हा सगळा राईचा पर्वत आहे. आजी म्हणत होती, दाराला बाहेरून कुलूप होतं आणि ते लावणाऱ्याला तिने पाहिलं होतं.

“हेडमास्तरांनी लावलं,” तिने मघाशीच सांगितलं होतं. “मी हौदावर पाणी भरत होते. मास्तर दारात उभे. एकेकाला हात देऊन आत घेत होते. ‘सावकाश, पायरी आहे, सावकाश.’ आईलाही तसंच म्हणाले. धाकटा कडेवर होता ना तिच्या. सगळी आत गेली, तशी मास्तरांनी कडी घातली, कुलूप लावलं आणि रस्त्यावर माणसं उभी होती त्यांच्या हातात किल्ली दिली.”

संशोधक बाईचं पेन तिथेच अडलं होतं. तिच्या माहेरच्या दाराशीही एक पायरी होती. कुणीही आलं की वडील उठून पुढे व्हायचे, हात द्यायचे आणि म्हणायचे, “सावकाश, पायरी आहे.” याच शाळेत ते हेडमास्तर होते. त्या दिवशी आपण परगावी होतो, असं ते सांगत आणि तिला कधी शंका आली नव्हती. लग्नानंतर तिचं आडनाव बदललेलं. ती कोणाची लेक, हे समितीत कुणी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

त्यानंतर तिने आजीला धारेवर धरलं. हौद दारापासून किती लांब? ऊन डोळ्यांवर येत होतं का? आईच्या अंगावर काय होतं? आजी आधी हिरवं म्हणाली, मग निळं म्हणाली. “नक्की काय ते सांगा,” संशोधक बाई म्हणाली, आणि आजीला रडू कोसळलं.

आता दाराचंही चुकलं होतं. आजी डोळे पुसत उठली, पिशवी घेतली आणि गेली. संशोधक बाईने शेरा लिहिला : ‘तपशिलात विसंगती. साक्ष अविश्वसनीय.’

शेजारच्या टेबलावरच्या वकीलसाहेबांनी सहीसाठी कागद घेतला. वाचून चष्मा काढला.

“न्हाव्याला तर वारसुद्धा धड सांगता आला नव्हता. त्याची साक्ष तुम्ही ग्राह्य धरलीत. काय लिहिलं होतंत? ‘काळ वार पुसतो, आग पुसत नाही.’ मी घरी बायकोला वाचून दाखवलं होतं ते.”

तिने पेनाचं टोपण लावलं.

“मग या म्हातारीलाच वेगळी फूटपट्टी का?”

उत्तर तिच्या ओठांवर तयार होतं. न्हाव्याने कोणाचं नाव घेतलं नव्हतं. नाव आलं की पुरावा जास्त भक्कम लागतो. नियम खराच होता. म्हणून तर तो उच्चारायची तिला लाज वाटली.

“ते हेडमास्तर माझे वडील आहेत,” ती म्हणाली.

वकीलसाहेब ओरडले नाहीत. समजूतही घातली नाही. शेऱ्यावर काट मारली आणि कागद स्वतःच्या फायलीत ठेवला.

“ही साक्ष तुम्ही ऐकायलाच नको होती. दुसरे ऐकतील. त्या परत आल्या तर. एवढं सोसून कोण परत येतं?”

ती पायऱ्या उतरून बसथांब्याकडे धावली. आजी बाकावर एकटीच होती. पिशवी शेजारी ठेवलेली.

“आजी, माझं चुकलं. दुसऱ्या कुणासमोर पुन्हा सांगाल? मी तिथे नसेन.”

“कशाला गं? मला त्या दाराचं नीट आठवत नाही.”

“दार राहू द्या. तुम्ही सांगितलंत ते खरं आहे.”

“आता पटलं होय?”

‘हो’ म्हटलं असतं तर सुटली असती.

“नाही. तुम्ही सांगत होतात तेव्हाच पटलं होतं. ते... मास्तर माझे वडील आहेत.”

आजी तिच्याकडे बघत राहिली. कपाळ, नाक, हनुवटी. रस्त्यावरून एक ट्रक धडधडत गेला, तरी तिची नजर हलली नाही.

“तेव्हाच पटलं होतं,” आजी हळूच म्हणाली. “मग एवढं रडवलंस कशाला?”

संशोधक बाई पदपथाकडे बघत उभी राहिली.

“येईन मी,” आजी म्हणाली. “आईसाठी यायलाच हवं.” मग तिने बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि जरा सरकली. “धावत आलीस. बस.”

दोघींपुरती जागा झाली होती. संशोधक बाईला बसवेना.