वांड विद्यार्थी

मोहिनीच्या मुलाचं जावळ काढलं, त्या वर्षीची गोष्ट. इंग्रजीची बाई व्हायचं तिनं मनावर घेतलं होतं, पण जळगावच्या दोन शाळांनी "आवाज मागच्या बाकापर्यंत पोहोचत नाही" म्हणून तिला परत पाठवलं. तिसरी मुलाखत सोमवारी होती.

तिचे सासरे जीवरामनाना पहूरच्या घरी ओट्यावर मांडी घालून बसले. "मी वर्गातला वांड पोरगा. मले दटाव."

"नाना, तुम्हाला कसं दटावू?" मोहिनीनं पदर सावरून धडा सुरू केला. नानांनी शेंगा फोडल्या, टरफलं तिच्या पुस्तकावर टाकली, वर कोंबड्यासारखे आरवले. तिसऱ्या दिवशी तिचा तोल सुटला.

"जीवराम! स्टँड अप!"

नाना ताडकन उभे राहिले. मोहिनीनं जीभ चावली. सुनेच्या तोंडी सासऱ्याचं नाव! आत सासूबाईंचा, लताबाईंचा, भाकरी थापणारा हात थांबला. पन्नास वर्षांत त्यांनीसुद्धा ते नाव कधी उच्चारलं नव्हतं.

"पोरी," आतून आवाज आला, "अजून एक डाव म्हन वं!"


मोहिनीला नोकरी लागली. तिचे पहिले विद्यार्थी, जीवरामनाना, गेल्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, वारले.